ध्रुव कुठं असतो, ते आधी बघून ये

मोबाइल खिशात ठेव आणि नीट बस. जे बोलायचंय ते सरळ बोलणार आहे, आणि ते तू मान खाली न घालता, माझ्याकडं बघून ऐकायचं.

काल सकाळी मी माळावर गेलो होतो, महादेवाच्या देवळामागं. अमावास्येच्या रात्री ज्या कडब्याच्या गंजीशेजारी तू स्टील वूल पेटवून गरागरा फिरवलंस, ती गंज बघायला. वाऱ्याच्या बाजूच्या पाच-सहा पेंढ्या काळ्या पडल्यात. हात घातला तर राखेत मोहरीपेक्षा बारीक, काळपट कडक मणी लागले. ते काय आहे ठाऊक आहे? लोखंड. जळता जळता वितळून उडालेलं लोखंड. तुझ्या फोटोत ज्या सोनेरी ठिणग्यांचं वर्तुळ दिसतं ना, त्यातली एकेक ठिणगी म्हणजे हा मणी. जमिनीवर पडल्यावरही तो काही क्षण लालच असतो, आणि वाळक्या पाल्याला तेवढे क्षण पुष्कळ झाले. देवळाच्या ओट्यावरही त्याचे डाग आहेत. पावसाळा लागला की त्या डागांना गंज चढेल आणि दगडावर तांबूस ओघळ दिसतील. तुझ्या लेन्सची काचही एकदा उजेडात तिरपी धरून बघ. एवढ्या जवळून फोटो काढला असशील तर तिच्यावरही खड्डे पडलेले असतील.

ती गंज कुणाची, हे विचारलं होतंस? घरातली कर्ती माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन कारखान्यावर गेलीत. ती पाडव्याच्या सुमाराला परत येतील. घरी म्हातारा, म्हातारी, शाळेत जाणारी दोन नातवंडं आणि दावणीला जनावरं. त्या जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा म्हणजे ती गंज. बीड जिल्ह्यात जन्मलास, चाऱ्याच्या छावण्या डोळ्यांनी पाहिल्यास, कडब्याचा भाव काय होतो ते घरात ऐकत मोठा झालास. परक्या गावचा पोरगा असता तर मी त्याला समजावून सांगितलं असतं. तुला समजावण्यासारखं काही नाही. तुला माहीत होतं.

म्हाताऱ्याला रात्री जाग आली, त्यानं भिजलं पोतं टाकून ते विझवलं. तू तोवर गाडीला किक मारून निघून गेला होतास. मागं वळून पाहिलं नाहीस, आणि दुसऱ्या दिवशीही गेला नाहीस. दुसऱ्या दिवशी तू फोटो सजवत होतास.

आता त्या फोटोकडं येऊ.

'आमच्या चौसाळ्याचं आकाश' असं खाली लिहून तू तो गावभर पाठवलास आणि स्पर्धेलाही दिलास. खाली देऊळ, मधोमध ठिणग्यांचं वर्तुळ, आणि वर ताऱ्यांच्या रेषांची गोल गोल कडी. लोकांनी वाहवा केली. मी फोटो उघडला आणि क्षणात कळलं की हे आकाश चौसाळ्याचं नाही. मला कुणी सांगितलं नाही. ध्रुवानं सांगितलं.

उठून दाखव बघू. हात सरळ ताठ कर, मूठ आवळ, एक डोळा मीट. त्या मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. आता क्षितिजावर एक मूठ ठेव, तिच्यावर दुसरी. दुसरी मूठ पुरी व्हायच्या आधीच ध्रुव येतो. कारण आपलं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेएकोणीस अंशांच्या आसपास आहे, आणि ज्या गावाचा जेवढा अक्षांश तेवढीच तिथं ध्रुवाची उंची. मी हे तुला आठवीत फळ्यावर काढून दाखवलं होतं. तुझ्या लेन्सच्या १८ मिलिमीटरला आडव्या चौकटीत उभं मावतं ४५ अंशांच्या जवळपास. क्षितिज फोटोच्या तळाशी आहे, म्हणजे ध्रुव चौकटीच्या मध्याच्याही खालीच यायला हवा. तुझ्या फोटोत ती सगळी कडी ज्या बिंदूभोवती फिरतात तो बिंदू वरच्या काठाला टेकलाय. ते ४० अंशांच्या वरचं आकाश आहे, माद्रिदचं नाहीतर रोमचं. कुणीतरी तिकडं थंडीत रात्रभर जागून काढलेलं आकाश तू उचललंस, आपल्या देवळावर चिकटवलंस आणि खाली आपल्या गावाचं नाव घातलंस.

'सर, सगळेच करतात' हे माझ्यासमोर पुन्हा म्हणू नकोस. चित्र म्हणून करायचं असेल तर कर, आणि तसं लिही: दोन ठिकाणचे फोटो जोडून केलेलं चित्र. मग मला हरकत नाही. पण तू त्याला चौसाळ्याचं आकाश म्हणालास. उद्या गावातलं एखादं लहान पोर तो फोटो बघून अंगणात उभं राहील, ध्रुव डोक्यावर शोधेल, आणि सापडला नाही की मान वळवून घरात जाईल. त्याला पुन्हा बाहेर कोण आणणार?

संक्रांतीला टाकलेला फोटोही आता काढतोच. तिळगुळाच्या शुभेच्छा, आणि मागं आकाशगंगेचा झगझगीत गाभा उभा. अरे, आकाशगंगेचा गाभा धनु राशीत आहे. घरी धुंधुरमासात पहाटे उठून बाजरीची खिचडी आणि लोणी खातोस ना? धुंधुरमास म्हणजे सूर्य धनु राशीत असण्याचा महिना, आणि तो संपतो संक्रांतीला. म्हणजे ज्या दिवसांत सूर्य त्या गाभ्याच्या आजूबाजूला होता, त्याच दिवसांत तू तो गाभा मध्यरात्री देवळावर उगववलास. तुझ्या आजीला विचारलं असतंस तर तिनं पंचांग बघून सांगितलं असतं. तू ॲपला विचारलंस, आणि ॲपनं जे दिलं ते घेतलंस.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय ते आता ऐक. खोटेपणाचा आहेच, आगीचा तर आहेच. पण ही दोन्ही पापं एकाच ठिकाणाहून आली आहेत: तू त्या रात्री वर पाहिलंच नाहीस. फोटो कसा दिसला पाहिजे हे तू घरूनच ठरवून निघाला होतास. शेवटी आकाश चिकटवलंसच, मग अमावास्या कशाला हवी होती? खाली उजेड नको म्हणून? त्या अंधारात तूच आग नाचवलीस. वर बघणारा माणूस आजूबाजूलाही बघतो. कुठं गंज आहे, वारा कुठून आहे, कुणाचं झोपडं आहे, हे त्याला दिसतं. अंधाराला डोळे सरावायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ गप्प बसावं लागतं. तू तेवढाही गप्प बसला नाहीस.

मी तुझं कार्ड मागून घेतलं होतं, ते सगळं पाहिलं. त्यात तुझे त्या रात्रीचे खरे फोटोही आहेत. जोडून पाहिले. ताऱ्यांच्या रेषा तुटक आल्यात, जरा उमटलेली, जरा कोरी, पुन्हा उमटलेली. ते का झालं हे तुला कळलं नाही म्हणून तू ते टाकून दिलेस. कॅमेऱ्यात दीर्घ उघडझापेसाठीची डाग काढायची सोय चालू राहिली होती. ३० सेकंदांचा फोटो झाला की कॅमेरा पुढचे ३० सेकंद झाकण मिटून तसाच काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. तेवढ्या वेळात तारे पुढं सरकतात आणि रेषेत खंड पडतो. ती सोय बंद करायची, दोन फोटोंमध्ये एक सेकंदापेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही, बस. एवढ्यासाठी तू रोमचं आकाश आणलंस.

त्या टाकलेल्या फोटोत काय आहे ते तू पाहिलंस का? ध्रुव आहे, बरोबर जिथं असायला हवा तिथं, शिखराच्या डावीकडं, खाली, जवळजवळ डोंगराला लागून. त्याच्याभोवती छोट्या कमानी उमटल्या आहेत आणि मोठ्या बालाघाटाच्या कडेवर कापल्या गेल्या आहेत. पठारावरच्या पवनचक्क्यांच्या लाल दिव्यांची ठिपक्यांची ओळ आहे. धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकची एक लांब पिवळी रेघ आहे. हे चौसाळ्याचं आकाश. जगात दुसऱ्या कुठल्या गावाचं ते होऊ शकत नाही. देवळाची भिंत मात्र मोटारसायकलच्या दिव्यानं जाळून पांढरी केलीस, ते वाईट झालं.

त्या उजेडाबद्दलही सांगतो, कारण ते शिकवायचं माझ्याकडून राहिलंय असं तू म्हणायला नको. आपलं देऊळ काळ्या बेसाल्टचं आहे. काळा दगड समोरून प्रकाश मारला की सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून बॅटरी मारायचीच नाही. पंधरा-वीस पावलं बाजूला जायचं आणि भिंतीला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा उजेड टाकायचा, म्हणजे छिन्नीचा प्रत्येक घाव सावली धरतो. पांढऱ्या बॅटरीवर जुन्या पिवळट मलमलीची दुहेरी घडी बांध. दगड निळा पडणार नाही. २० सेकंदांच्या फोटोत दोन-तीन सेकंदच उजेड दे, आणि हात थांबवू नकोस, नाहीतर एका जागी डाग पडतो. तेही जास्त वाटलं तर बॅटरी पांढऱ्या चादरीवर मार आणि चादरीचा उजेड भिंतीवर येऊ दे. दुकानातून काही आणायला लागत नाही.

आणि चंद्र कशाला ठेवलाय? शुद्ध चतुर्थी-पंचमीची कोर रात्री दहा-अकरापर्यंत पश्चिमेला असते. आपलं देऊळ पूर्वाभिमुख, म्हणजे मागची भिंत आणि शिखराची एक बाजू ती कोर आपोआप उजळते. तेवढ्या उजेडात तारेही पुसत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी लिहिलेली असते ती एकादशीच्या उपवासापुरतीच नसते.

उजेडानं रेषा काढायची हौस असेल तर तीही काढ. १९४९ साली ग्योन मिली नावाच्या छायाचित्रकारानं पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला, खोली अंधारी केली, आणि पिकासोनं हवेत बैल काढला. एवढंसं साधन होतं. काही पेटवावं लागलं नाही. कारण हाताला रेषा माहीत होती.

तारे ठिपक्यासारखे हवे असतील तर ५०० चा ठोकताळा लक्षात ठेव. लेन्सच्या आकड्याला तुझ्या सेन्सरसाठी दीडनं गुण, १८ चे २७ झाले. ५०० ला २७ नं भाग, साडेअठरा सेकंद आले. त्याच्या पुढं गेलास की तारा लांबट होतो, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, चार मिनिटांना एक अंश. हे गणित तुला येतं. तू गणितात कच्चा कधीच नव्हतास, म्हणून तर मला जास्त लागलंय.

तुझ्या हाती आज जे आहे ते पूर्वी कुणाच्या हाती नव्हतं. सूर्य सोडला तर पहिल्या ताऱ्याचा फोटो निघाला १८५० साली, हार्वर्डच्या वेधशाळेत. अभिजित तारा, एवढा ठळक, आणि मोठ्या दुर्बिणीतून त्याला १०० सेकंद लागले. आणि लांबचं कशाला, आपल्या जवळचं सांगतो. करमाळा तालुक्यातलं जेऊर तू रेल्वेतून जाताना पाहिलं असशील. २२ जानेवारी १८९८ ला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला तिथं आले होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. खग्रास स्थिती होती दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यासाठी आधी येऊन तळ ठोकला, दुर्बिणी उभ्या केल्या. काचेच्या पट्ट्या होत्या. एक चुकली तर गेली, पुसून पुन्हा काढता येत नव्हती. त्या माळावर त्यांना जे मिळालं ते त्यांनी नोंदलं. ढग आले असते तर ढग नोंदून परत गेले असते.

तुला एक रात्र साधली नाही तर पुढची अमावास्या आहे. फाल्गुन, चैत्र, वैशाख, आपल्याकडं आकाश जून येईपर्यंत मोकळं. एवढी घाई तुला कसली झाली होती?

आणि दुसऱ्याचं आकाश चोरताना आपलं काय टाकून दिलंस, तेही ऐक. ध्रुव आपल्याकडं खाली आहे याची तुला लाज वाटली असेल. पण त्याच कारणानं दक्षिणेचं आकाश आपल्याला मिळालंय. आकाशगंगेचा गाभा आपल्याकडं क्षितिजापासून ४२ अंश वर चढतो, लंडनला तो १० अंशही चढत नाही. अगस्त्य रोमहून कधीच दिसत नाही. आपल्याकडं तो दक्षिणेला वर येतो तो साधारण तेवढाच जेवढा उत्तरेला ध्रुव असतो. एकाच ओट्यावर उभं राहून उत्तरेला दोन मुठींच्या आत ध्रुव आणि पाठ फिरवली की दक्षिणेला दोन मुठींच्या आत अगस्त्य. मे महिन्यात संध्याकाळी त्रिशंकूसुद्धा दिसतो. ज्यांचं आकाश तू चिकटवलंस, ते लोक हे बघायला विमानाचं तिकीट काढून दक्षिणेकडं जातात.

अंधाराचंही तसंच. नागपूरकडच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथं आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले, अंधार जपला. आपल्या माळावर अजून थोडा अंधार उरलाय. रस्त्याचे, ढाब्यांचे, पवनचक्क्यांचे दिवे त्यात रोज शिरतात, त्यांना मी आवरू शकत नाही. तुला आवरू शकतो, आणि आवरणार आहे.

तुझ्यात हात आहे. चौकट धरायची समज आहे. देऊळ कुठून घ्यायचं हे तुला कुणी सांगावं लागत नाही. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, आज बोलतोय, आणि म्हणूनच सोडणार नाही. ज्याच्यात काही नाही त्याच्यासाठी मी सकाळी उठून माळावर राख चिवडत बसलो नसतो.

आता काय करायचं ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. पहिलं, म्हाताऱ्याकडं जायचं. मी सोबत येणार नाही. 'माझ्यामुळं झालं' एवढं तुझ्या तोंडानं सांगायचं, जळालेल्या पेंढ्या बाजूला काढून गंज पुन्हा रचून द्यायची, आणि जेवढ्या गेल्या तेवढ्यांचे पैसे स्वतःच्या कमाईतून द्यायचे. लग्नाच्या फोटोंचे मिळालेत ना, त्यातून. बापाकडं मागायचे नाहीत. ओट्यावरचे डाग काथ्यानं घासून काढ, तारेच्या घासणीनं नाही. दुसरं, स्पर्धेवाल्यांना लिहून कळव की फोटोतलं आकाश या गावचं नाही, प्रवेश मागं घेतो. कारण विचारलं तर खरं सांग. गावात ज्यांना ज्यांना पाठवलास त्यांनाही तेच कळव, त्याच ठळक अक्षरांत. आणि स्टील वूल ज्यात घालून फिरवलंस ती जाळी, दोरी, आणि उरलेलं स्टील वूल उद्या माझ्याकडं आणून टाक.

कॅमेरा वैशाखापर्यंत कपाटात ठेवायचा. तोवर डोळे आणि वही. रोज संध्याकाळी आठच्या सुमाराला देवळाच्या ओट्यावर जाऊन बस. दक्षिणेकडं तोंड कर. व्याधाच्या खाली, जरा पश्चिमेकडं कललेला, तो अगस्त्य. तो नैर्ऋत्येच्या टेकडीमागं कोणत्या जागी आणि किती वाजता जातो ते लिही. रोज लिही. वेळ रोज बदलेल. किती बदलते आणि का बदलते, ते तू मला येऊन सांगायचं, मी सांगणार नाही. आठवड्यातून एकदा पहाटे चारला ऊठ. दक्षिणेला तांबूस ज्येष्ठा दिसेल, तिच्या डावीकडं धनू. आकाशगंगेचा गाभा तिथं आहे, तू संक्रांतीला दाखवलास तो. नुसत्या डोळ्यांनी तो झगझगीत दिसत नाही, धुरकट पांढरा दिसतो. तसाच लिही. ढग असले तर ढग होते असं लिही.

वही भरली की ये, मग आपण दोघं कॅमेरा घेऊन जाऊ आणि तो तुटका फोटो नीट करू. वही कोरी असेल तर माझ्या दारात येऊ नकोस.

ऊठ आता. दिवस मावळायच्या आत म्हातारा जनावरांना वैरण टाकायला गोठ्यात येतो. त्याच्या आधी तिथं पोच, आणि जाताना बाजारातून सुतळीचा तोडा घेऊन जा, पेंढ्या बांधायला लागेल.